आधी खुराड्याची कडी लावा

"कोल्ह्या-मुंगसांचा बंदोबस्त करा, मगच आम्ही कोंबड्या पाळू." ग्रामसभेपासून कृषी प्रदर्शनातल्या चर्चासत्रांपर्यंत ही मागणी आता सगळीकडे ऐकू येते. तिच्यामागची मांडणी साधारण अशी असते: जंगली जनावरं बेसुमार वाढली, वन्यजीव कायद्याने शेतकऱ्याचे हात बांधले, शहरातले प्राणिप्रेमी लांबून उपदेश करतात, आणि या सगळ्यांत परसातली कोंबडी संपत चालली. उपाय म्हणून सुचवतात तो असा, की रानडुक्कर आणि रोह्याबाबत परवान्याने मारण्याची वाट निघाली तशी कोल्हा, खोकड, रानमांजर आणि मुंगूस यांच्यासाठीही काढावी. तोवर ज्याने त्याने आपापलं पाहावं. आपापलं पाहणं म्हणजे फासा, विष, नाहीतर रात्री तारेत सोडलेली वीज.

या मागणीतला राग खरा आहे. पाच-सहा महिने दाणापाणी करून अंड्यावर आणलेली तलंग सकाळी दिसत नाही, अंगणात नुसती पिसं उरतात, अशा वेळी तिथे उभं राहून कुणाला अन्नसाखळीचं महत्त्व सांगायचं नसतं. गावठी कोंबडीला आज गावातच पाचशेच्या आसपास भाव मिळतो, जत्रेच्या दिवसांत त्याहून जास्त. खुडूक बसलेली कोंबडी गेली तर तिच्याखालची दहा-बारा अंडीही गेली. हे नुकसान हसण्यावारी नेण्यासारखं नाही. माझं भांडण आहे ते खापर कुणाच्या माथी फुटतं याबद्दल, आणि त्याहून जास्त त्या खापराआड काय झाकलं जातं याबद्दल.

पहिली गोष्ट, 'परसातली कोंबडी संपत चालली' हे विधानच चूक आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी भरली. २०१२ च्या तुलनेत ही वाढ जवळपास ४६ टक्के होते. एकूण कुक्कुटसंख्या याच काळात १७ टक्क्यांच्या आतबाहेर वाढली. म्हणजे शेडमधल्या ब्रॉयलरपेक्षा अंगणातली कोंबडी झपाट्याने वाढली, आणि ती वाढली तेव्हा हेच कोल्हे, हीच मुंगसं आणि हाच कायदा जागेवर होता. एखाद्या वाडीवर कोंबड्या कमी झाल्या असतील, त्याची कारणं त्या वाडीवर शोधावी लागतील. साऱ्या महाराष्ट्राच्या रानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून ती सापडणार नाहीत.

आता आरोपींकडे वळू. कोंबडी कुणी नेली हे ठरवायची आपल्याकडे एक सोपी रीत आहे: जो प्राणी शेवटचा दिसला त्याच्या नावावर बिल फाडायचं. चार दिवसांपूर्वी बांधावर मुंगूस दिसलं होतं ना, मग त्यानेच. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. दिवस मावळला की तो बिळात शिरतो. तरी 'रात्रीत मुंगसाने आठ कोंबड्या मारल्या' ही तक्रार बिनदिक्कत केली जाते आणि ऐकणाराही मान डोलावतो.

खुणा वाचायची सवय असली तर बरंच काही कळतं. अंडी टरफलासकट नाहीशी झाली तर साप किंवा घोरपड. टरफलं फोडून तिथेच टाकलेली असतील तर मुंगूस, कावळा किंवा घूस. एखादाच पक्षी गायब आणि कुंपणाकडे पिसांची रेघ गेलेली, तर कोल्हा किंवा रानमांजर. उघड्यावर एकाच जागी उपटलेल्या पिसांचा ढीग असेल तर काम शिक्र्यासारख्या पक्ष्याचं. धड जाळीला टेकलेलं आणि मुंडकं तेवढं नाही, तर बाहेरून कुणीतरी ते जाळीतून ओढलेलं आहे. आणि सात-आठ कोंबड्या पाठीवर-मांडीवर चावलेल्या, न खाल्लेल्या, नुसत्या झिंजाडून इकडेतिकडे फेकलेल्या सापडल्या तर बहुतेक वेळा गावातली कुत्री. या खुणांवर कोर्टात खटला उभा राहणार नाही हे मलाही माहीत आहे. एकाने मारलं आणि दुसऱ्याने पळवलं असंही होतं. पण खुणा पाहायच्याच नाहीत आणि निकाल मात्र लावून मोकळं व्हायचं, हे कसं चालेल?

कुत्र्यांचं नाव गावात कुणी घेत नाही, त्याचं कारण सरळ आहे. कुत्रं कुणाचं तरी असतं, निदान कुणाच्या तरी आळीतलं असतं. त्याचं नाव घेतलं की भांडण उभं राहतं. कोल्ह्याचं नाव घेतलं तर कोल्ह्याच्या बाजूने भांडायला कुणी येत नाही. चिकनच्या दुकानातली आतडी आणि पिसं पोत्यात भरून ओढ्याच्या कडेला टाकायची, पोल्ट्रीतली मेलेली पाखरं उघड्यावर फेकायची, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसायच्या, कोल्ह्यालाही तिथवर यायची चटक लावायची, आणि मग रान गावात शिरलं म्हणून ओरड करायची. त्या ओढ्यापासून पहिलं खुराडं हाकेच्या अंतरावर असतं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी भोरकडच्या एका वाडीवर असंच एक लुटलेलं खुराडं पाहायला गेलो होतो. खुराडं म्हणजे जुन्या खोक्याच्या फळ्या, वर पत्रा, पुढच्या बाजूला सहा कोनांची पातळ जाळी, तीही वाकवलेल्या खिळ्यांनी धरलेली. मागच्या कोपऱ्यात विष्ठेच्या ओलीने तळाची फळी कुजून भुसभुशीत झाली होती. बोटाने दाबली तर तुकडा हातात येत होता. तिथे चार बोटं जातील एवढी फट पडली होती आणि फटीच्या कडेला पिसं चिकटलेली होती. दाराला कडी नव्हती. सुतळीचा फास आणि खाली टेकू म्हणून वीट. घरधनी मला कुंपणापाशी घेऊन गेले आणि त्यांनी लावलेला फासा दाखवला. मोटारसायकलच्या क्लच वायरचा होता. वाट नेमकी हेरलेली, उंची मोजून ठेवलेली, गाठ अशी सुबक की ओढताच सरकावी. एवढी कारागिरी त्या माणसाच्या हातात होती. मागे उभी असलेली त्यांची मंडळी हळूच म्हणाली, "दोन वर्षं सांगतेय, तेवढी फळी बदला म्हणून."

त्या फटीतून कोण शिरलं होतं, ते मला सांगता आलं नाही. मुंगूस शिरलं असेल, रानमांजराचं पिल्लू शिरलं असेल, घूस तर खासच शिरली असती. कोण शिरलं याने फारसा फरकही पडत नव्हता. आज एकाला मारलं तरी फट उद्या दुसऱ्यासाठी उघडीच राहणार होती.

इथे प्रतिपक्षाचा एक भावनिक मुद्दा येतो. "भूक लागली तर एक न्यावी, दहा का मारतो? हा प्राणी क्रूर आहे, नुसतं रक्त पितो." प्राणिशास्त्रात या वागण्याचा अभ्यास बराच जुना आहे. हान्स क्रूक या संशोधकाने १९७२ मध्ये शिकारी प्राण्यांच्या अशा अतिरिक्त हत्येवर लिहिलं, आणि त्यातलं ठळक उदाहरण इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आहे. तिथे जमिनीवर घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीत खोकड शिरायचा आणि गडद काळोखाच्या, वादळी रात्री पुष्कळ पक्षी मारून तसेच टाकून जायचा. कारण त्या रात्री पक्षी उडून जायचे नाहीत, जागीच बसून राहायचे. रानात एक शिकार झाली की बाकीचं पळून जातं, म्हणून शिकाऱ्याचा हात तिथे आपोआप थांबतो. समोर फडफडणारं भक्ष्य हलत असेल आणि पळून जात नसेल तर त्याला थांबायचं कारणच उरत नाही. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. खुराड्याला बाहेर पळायला वाट नसते. आत शिरायला वाट आहे आणि बाहेर पडायला नाही अशी खोली आपणच बांधून देतो, मग आत जे घडतं त्याला जनावराचा दुष्टपणा म्हणतो.

बरं, धरून चालू की मारायची परवानगी मिळाली. मारून कोंबड्या वाचतील का? कोल्हा, खोकड, रानमांजर हे हद्द राखून राहणारे प्राणी आहेत. एक जोडी मारली की ती जागा रिकामी राहत नाही, शेजारची तरुण जनावरं तिथे येऊन बसतात. 'विलायतेत बघा, खोकडाची शिकार करून बंदोबस्त करतात' असा दाखला हमखास दिला जातो, म्हणून विलायतेचंच सांगतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये जनावरांना लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली आणि त्यामुळे खोकडाची शिकार जवळपास वर्षभर बंद ठेवावी लागली. संशोधकांनी बंदीच्या आधीची आणि नंतरची संख्या ताडून पाहिली. वाढ झाल्याचं आढळलं नाही. हा निष्कर्ष २००२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घोडे, शिकारी कुत्र्यांची झुंड आणि पिढ्यान्‌पिढ्यांची हौस लावून जे साधलं नाही ते आपल्या क्लच वायरने साधेल, असं मानायला आधार काय? पुढे शिकारी कुत्र्यांच्या झुंडीने खोकड मारण्यावर तिथे २००४ च्या कायद्याने बंदी आली, हेही दाखला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

साधणार नाही एवढंच असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण फासा जनावर ओळखत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या कमरेत आवळून अडकल्याच्या बातम्या कोकणातून आणि घाटमाथ्यावरून येत राहतात. अडकलेला बिबट्या सोडवायला रात्रभर वनखात्याची माणसं जीव मुठीत धरून राबतात. विषाचं तर विचारूच नका. फोरेट, म्हणजे शेतकरी ज्याला थिमेट म्हणतो ते, २०२० अखेर देशात बंद झालं. तरी गोठ्याच्या आढ्यावर एखादी जुनी पुडी खोचलेली असतेच. मेलेल्या कोंबडीत ते घालून बांधावर ठेवलं की पहिलं खाणार घरचं कुत्रं किंवा मांजर, मग ते मढं खाणारी घार. रांगतं पोर त्याच अंगणात असतं. आणि तारेत वीज सोडणारा माणूस पहाटे पाणी धरायला निघालेल्या शेजाऱ्याचा विचार करत नाही. रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेने माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

कायद्याचं कलम उगाच भीती घालायला सांगत नाही, पण माहिती असावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंडाच्या रकमा वाढल्या. आता सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या परिशिष्टातला प्राणी असेल तर कैद किमान तीन वर्षं, ती सातपर्यंत जाते, आणि दंड किमान २५ हजार. घोरपड त्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिला अंडी खाताना पाहून कोयता उचलणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना वन्यप्राणी मेला तर कायदा समजून घेतो. कोंबडीसाठी ती सवलत नाही. पाचशेच्या कोंबडीपायी घरचा कर्ता माणूस तालुक्याच्या कोर्टात चपला झिजवत बसलेला कुणाला पाहायचा आहे?

आणि ज्यांना संपवायचं म्हणता ते दिवसभर काय खातात, हेही पाहायला हवं. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी रानमांजराच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा उंदरांचा निघाला. एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं, असा त्यांचा अंदाज आहे. वर्षाला हजाराच्या वर झाले. ज्या शेतकऱ्याच्या कणगीत, उसात आणि हरभऱ्यात उंदीर आहेत त्याने हा हिशेब एकदा मांडावा. खुराड्यातली चार दिवसांची पिल्लं उंदीर आणि घुशीही नेतात, ते वेगळंच.

"मग चांगलं कुत्रं पाळा" हा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो. माळरानावर तो चालेलही. पण जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने दोनदा विचार करावा. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, त्यात खाल्लेल्या मांसाच्या वजनापैकी ३९ टक्के कुत्र्यांचं होतं. कोंबड्यांच्या राखणीला अंगणात साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे तिथे बिबट्याला धाडलेलं आमंत्रण. शिवाय रात्री मोकाट सुटणारं राखणीचं कुत्रं चार दिवसांत शेजारच्या कोंबड्यांचं काय करतं, ते वर सांगितलंच.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावणं भाग आहे, कारण गावातला राग निम्मा तिथून आलेला आहे. "निसर्गाचा वाटा सोडा" असं म्हणणाऱ्यांचा स्वतःचा वाटा कधी जात नाही. वाटा सोडायचाच तर तो सगळ्यांनी मिळून सोडावा, एका भूमिहीन बाईच्या सहा कोंबड्यांतून का? दुसरे आहेत ते म्हणतात, कोंबड्या बाहेर सोडूच नका, कायम पिंजऱ्यात ठेवा. या मंडळींना परसातली कोंबडी म्हणजे काय तेच कळलेलं नाही. ती परवडते कारण ती दिवसभर फिरून किडे, वाळवी, सांडलेले दाणे, उकिरड्यातलं खरकटं यांवर पोट भरते. तिला कोंडून विकतचं खाद्य घातलं की तिचा हिशेब पोल्ट्रीच्या हिशेबाशी लावावा लागतो आणि त्यात ती हरते. दिवसा ती मोकळी राहणारच. त्यात अधूनमधून एखादं पिल्लू घारीने उचललं जाणार, हा धोका गावठी कोंबडी पाळणारीला माहीत असतो आणि तो पत्करूनच ती पाळते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराज ही कोंबडीची जात तयार केली तेव्हा तिच्या नराच्या वाणात लांब पायांसाठी निवड केली, ती पक्ष्याला पळून जीव वाचवता यावा एवढ्यासाठी. दिवसाचा प्रश्न निदान पक्ष्याच्या पायांवर थोडाफार सोडता येतो. रात्री तो पूर्णपणे आपल्या हातात असतो. मोठं नुकसान, एका फटक्यात दहा-पंधरा पक्षी जाण्याचं, होतं ते रात्रीच.

मग खुराडं धड का नसतं? गरिबी हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्याच घराच्या गोठ्याला पत्रा नवा असतो, बैलाच्या दावणीला सिमेंट असतं, शेळ्यांच्या वाड्याला निदान बाभळीचं घट्ट कुंपण असतं. कोंबड्या मात्र मोडक्या खोक्यात, डालग्याखाली, नाहीतर जिन्याखालच्या कोपऱ्यात. कारण कोंबड्या बाईच्या असतात. अंड्यांचे पैसे तिचे. त्यातून पोरांच्या वह्या येतात, आल्यागेल्याचा चहा होतो, अडीनडीला माहेरच्या प्रवासाचं भाडं निघतं. घरच्या मोठ्या हिशेबात ते धरले जात नाहीत, म्हणून घरच्या मोठ्या खर्चातही खुराडं बसत नाही. सुतार घरी येतो तो दाराची चौकट बसवायला, औताला दांडा घालायला. "जरा खुराड्याची फळी पण बघा" म्हटलं की त्याचं आणि घरधन्याचं दोघांचंही लक्ष घड्याळाकडे जातं. पण कोंबड्या गेल्या की फासा लावायला चार तरणी पोरं बॅटऱ्या घेऊन हजर. रात्रीची शिकार म्हणजे मर्दुमकी, आणि फळीला खिळा ठोकणं म्हणजे बायकी काम. कोल्ह्याविरुद्धच्या या सगळ्या आरडाओरड्यात ज्या बाईचं नुकसान झालं तिला काय हवं आहे हे कुणी विचारत नाही. विचारलं तर ती फळी मागते.

फळी, जाळी आणि कडी. दहा-बारा कोंबड्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याला याहून फारसं काही लागत नाही, पण जे लागतं ते नीट लागतं. सहा कोनांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं आणि रानमांजर पंजा घालून ताणतं. अर्ध्या इंची चौकोनांची, सांध्यांवर वेल्डिंग केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्यावी आणि ती फळीच्या आतून, पट्टी ठोकून बसवावी. नुसत्या वाकवलेल्या खिळ्यांवर ती ठेवू नये. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पायांवर असलं तर तळाची फळी कुजत नाही, विष्ठा खाली पडते आणि घुशीला पोखरायला काही उरत नाही. पायांवर पत्र्याचे उलटे नरसाळे लावले तर उंदीरही वर चढत नाहीत. खुराडं जमिनीवरच असेल तर जाळी फूटभर खोल पुरावी, किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर दगडमाती टाकावी. उकरणारा प्राणी भिंतीलगतच उकरायला लागतो, त्याच्या नखांना जाळी लागली की तो कंटाळतो.

आत बसायची दांडी जाळीपासून वीतभर तरी आत हवी. मुंडकं नसलेल्या कोंबडीची हकिगत मी वर सांगितली. ती पाखरं जाळीला चिकटून झोपलेली असतात आणि बाहेरचा पंजा त्यांची मान पकडतो. कुणाचं आत शिरणं नव्हे, दांडीची जागा तिथे नडते. दाराला कडी आणि वर आकडा, दोन्ही. सुतळी नको, वीट नको. मांजरं आणि उदमांजरं सैल दार पंजाने ढकलून पाहतात. वरचं आच्छादन पूर्ण असावं, कारण उदमांजर झाडावरून उतरतं. साप हा एकटाच असा आहे की ज्याला अर्ध्या इंचाच्या जाळीनेही पूर्ण हमी देता येत नाही, पण खुराड्याखालचा लाकूडफाटा, गवत आणि विटांचा ढीग हलवला तर त्याच्या येण्याची शक्यता बरीच कमी होते. लहान पिल्लं पहिला महिना-दीड महिना डालग्याखाली किंवा जाळीच्या अंगणात ठेवावीत. घार आणि कावळा यांच्या तावडीतून वाचायची ती सगळ्यात जोखमीची वेळ.

ही एवढी जाळी आणि पट्ट्या आजच्या भावाने तीन-चार गावठी कोंबड्यांच्या किमतीत येतात. एका रात्रीत दहा गेल्यावर पोरांना बॅटऱ्या घेऊन पाठवण्यापेक्षा हे स्वस्त आहे. आणि रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, कोंबड्या मोजून दार लावणं एवढं एक काम घरातल्या कुणाच्या तरी नावावर हवं. बहुतेक लूटमार जाळी फाडून होत नाही, उघड्या राहिलेल्या दारातून होते. लग्नाला, हळदीला, यात्रेला घर गेलं की त्या रात्री खुराड्याचं दार कोण लावणार हे ठरलेलं नसतं.

कोंबड्यांचा मोठा शत्रू कोण, याचं उत्तर द्यायचं तर मी कुठल्याही प्राण्याच्या आधी मानमोडीचं नाव घेईन. राणीखेत म्हणतात ती हीच. एका आठवड्यात अख्खी आळी कोंबड्यांवाचून सुनी करते. लस आहे, जुनी आहे, स्वस्त आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी. अडचण एवढीच की एका कुपीत शंभर-दोनशे पक्ष्यांचा डोस असतो आणि एका घरी असतात बारा. सगळ्या वाडीने एका संध्याकाळी, पाखरं खुराड्यात शिरल्यावर, मिळून लस टोचून घेतली तर कुपी वाया जात नाही. कोल्ह्याविरुद्ध एकत्र येणारी वाडी मानमोडीविरुद्ध मात्र एकत्र येत नाही. त्यात बॅटरी घेऊन रानात जायची मजा नसते.

जिल्हा परिषदेच्या आणि पशुसंवर्धन खात्याच्या योजनांत ५० टक्के अनुदानावर शंभर पिल्लांचे किंवा २५ तलंगा आणि तीन नरांचे गट वाटले जातात. वाटपाच्या दिवशी फोटो पिल्लांचा निघतो, पाहुणे हातात पिल्लू धरून उभे राहतात. ती पिल्लं त्या रात्री कुठे झोपणार आहेत याचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही. कोल्ह्यांच्या बंदोबस्ताचा ठराव करायला बसलेल्या ग्रामपंचायतींना आणि त्यावर सह्या करणाऱ्या सदस्यांना माझी विनंती एवढीच आहे: तो ठराव बाजूला ठेवा आणि दुसरा करा. गट मंजूर झालेल्या प्रत्येक घरी पक्षी पोहोचण्याआधी एकाने जाऊन खुराडं पाहावं, तळाची फळी बोटाने दाबून पाहावी, कडी स्वतः लावून पाहावी. कडी लागत नसेल तर ती लागेपर्यंत त्या घरी पक्षी देऊ नयेत.